प्रगतिपुस्तक वाचावे कसे?

मार्चअखेर म्हणजे बँकेत लेखाबंदीची धांदल आणि घरोघरी निकालांची प्रतीक्षा. या सुमारास आमच्या अनेक ग्राहकांच्या हाती दोन पुस्तके एकाच वेळी येतात : एक बँकेचे पासबुक आणि दुसरे पाल्याचे प्रगतिपुस्तक. पासबुकातील नोंद न् नोंद ग्राहक बारकाईने वाचतात. खात्यातून किरकोळ शुल्क वजा झाले तरी ते कशाबद्दल, अशी विचारणा करण्यासाठी काउंटरवर येतात आणि तसे करणे सर्वथा योग्यच आहे. प्रगतिपुस्तकाच्या वाट्याला मात्र एवढी चिकित्सा क्वचित येते. नजर थेट एकूण गुणांवर अथवा श्रेणीवर जाते, शेजारच्या मुलाशी तुलना होते, पालकांची स्वाक्षरी होते आणि पुस्तक शाळेत परत जाते.

वास्तविक या दोहोंपैकी वाचावयास अधिक कठीण पुस्तक दुसरेच होय. जबलपूरचा रुपया आणि नागपूरचा रुपया यांत फरक नाही. गुणांचे तसे नाही. तो कोणत्या मापाने मोजला, हे ठाऊक नसेल तर अंक डोळ्यांसमोर असूनही त्याचा अर्थ हाती लागत नाही. प्रस्तुत लेखात ही मापे समजून घेण्याचा प्रयत्न आहे, आणि त्यासाठी जबलपूरएवढे सोयीचे शहर शोधूनही सापडणार नाही.

याचे कारण या शहराच्या घडणीत आहे. १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच प्रांतात नांदत होते आणि राजधानी नागपूर होती. त्यामुळे पिढ्यान्पिढ्या येथेच स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ. त्यांच्या जोडीला नोकरीनिमित्त येणारी कुटुंबे आहेत. १९०४ मध्ये सुरू झालेली गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा आयुध निर्माणी कारखाना, व्हेइकल फॅक्टरी, लष्करी आस्थापना आणि २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय यांमुळे खडकी, अंबाझरी, भंडारा, भुसावळ येथून बदलून येणारे मराठी ग्राहक आमच्या शाखेस नवे नाहीत. साहजिकच एकाच गल्लीत एक मूल मध्य प्रदेश मंडळाच्या शाळेत, दुसरे केंद्रीय विद्यालयात, तिसरे कॉन्व्हेंटमध्ये आणि त्यांचे चुलत भावंड महाराष्ट्रात, असे चित्र दिसते. दिवाळीच्या सुट्टीत ही सर्व मंडळी एकत्र जमली, की गुणांच्या तुलनेस आरंभ होतो. आजोबांच्या हिशेबी तर अजूनही ‘मॅट्रिक फर्स्ट क्लास’ हेच प्रमाण असते !

तीन मापे

सर्वांत जुने आणि परिचित माप म्हणजे शंभरपैकी गुण. यात अमुक इतके मिळाले की उत्तीर्ण, अशी रेषा आखलेली असते. परंतु ती रेषाही सर्वत्र एक नाही. महाराष्ट्रात दहावीला उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागतात, तर मध्य प्रदेश मंडळात आणि केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळात, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातील सीबीएसईत, ३३. दोन गुणांचे अंतर क्षुल्लक वाटेल, पण ३४ गुण मिळालेल्या मुलाला विचारून पाहावे. शिवाय, त्या गुणांमागे प्रश्नपत्रिका किती कठीण होती, हे गुण स्वतः कधीच सांगत नाहीत. वर्गाची सरासरी ४८ असताना मिळालेले ६२ आणि सरासरी ७८ असताना मिळालेले ६२ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बहुसंख्य प्रगतिपुस्तकांत वर्गाची सरासरी छापलेली नसते. ती छापली जावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. सरासरीवाचून गुण म्हणजे व्याजदर न सांगता सांगितलेली व्याजाची रक्कम !

दुसरे माप म्हणजे ठरावीक पट्ट्यांची श्रेणी. सीबीएसईने २००९-१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत माध्यमिक वर्गांसाठी आणली, तेव्हा नऊ श्रेणी ठरल्या. ९१ ते १०० गुणांना ए-१, ८१ ते ९० ला ए-२, त्याखाली बी-१, बी-२ अशी उतरंड ई-२ पर्यंत. महाराष्ट्र शासनानेही ऑगस्ट २०१० मध्ये पहिली ते आठवीसाठी हीच रचना अ-१, अ-२, ब-१ अशा मराठी अक्षरांत स्वीकारली. (गमतीचा भाग असा, की या तक्त्यात ‘ड’ श्रेणीचा आरंभ ३३ पासून होतो; म्हणजे आठवीपर्यंत ३३ आणि दहावीला ३५ !) एकेका गुणासाठी चालणारी जीवघेणी चढाओढ कमी व्हावी, हा श्रेणीमागील हेतू स्तुत्यच होता. परंतु पट्टी आली की तिच्या कडा येतात. वर्षभर मेहनत करून ८१ वरून ९० वर पोहोचलेल्या मुलाची श्रेणी बदलत नाही आणि ९० वरून ९१ वर गेलेल्याची बदलते. मुदत ठेव एका दिवसाने कमी ठेवल्यामुळे खालच्या दराच्या टप्प्यात अडकलेल्या ग्राहकास हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या पद्धतीचा एक अवशेष आजही बँकेच्या कामकाजात आढळतो. त्या काळात दहावी झालेल्यांच्या गुणपत्रिकेवर शेकडेवारीऐवजी दहापैकी सरासरी श्रेणीगुण असत आणि त्यांस ९.५ ने गुणले असता अंदाजे शेकडेवारी मिळते, अशी सूचना मंडळाने दिली होती. हे ९.५ कोठून आले, असा प्रश्न अनेकांना पडतो. सर्वोच्च पट्टीत, म्हणजे ९१ ते १०० मध्ये येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांची मागील पाच वर्षांची सरासरी सुमारे ९५ होती. तिला दहाने भागले, इतकेच. त्यानुसार ९.२ म्हणजे ८७.४ टक्के आणि पूर्ण १० म्हणजे ९५ टक्के. प्रत्येक विषयात ९१ मिळवणारा आणि प्रत्येक विषयात ९९ मिळवणारा असे दोघेही ९५ टक्क्यांचे धनी ठरले. त्या तुकड्यांतील तरुण आता नोकरीच्या अर्जांत शेकडेवारीचा रकाना भरतात, तेव्हा हा इतिहास ठाऊक असलेला बरा. २०१७ नंतर सीबीएसईने ही पद्धत मागे घेतली आणि २०१८ पासून दहावीची मंडळाची परीक्षा पुन्हा सर्वांस सक्तीची झाली.

तिसरे माप सर्वांत फसवे, कारण त्याची अक्षरे दुसऱ्या मापासारखीच आहेत. सीबीएसईच्या दहावी व बारावीच्या गुणपत्रिकेवर गुणांच्या शेजारी जी श्रेणी छापलेली असते, ती गुणांच्या पट्टीवरून दिलेली नसून क्रमावरून दिलेली असते. त्या विषयात उत्तीर्ण झालेल्या सर्व विद्यार्थ्यांची गुणानुक्रमे रांग लावावयाची आणि तिचे आठ समान भाग करावयाचे. पहिल्या अष्टमांशास ए-१, दुसऱ्यास ए-२, याप्रमाणे शेवटच्या अष्टमांशास डी-२, अनुत्तीर्णांस ई. उदाहरणार्थ, एखाद्या विषयात आठशे विद्यार्थी उत्तीर्ण झाले असतील तर पहिले शंभर ए-१ चे मानकरी. समजा, त्या वर्षी पेपर सोपा निघाला आणि शंभराव्या मुलास ९५ गुण पडले, तर ९३ गुण मिळवणाऱ्याच्या वाट्यास ए-२ येईल. आठवीत त्याच मुलाला त्याच्या शाळेने ९३ गुणांना ए-१ दिलेला असू शकतो. अक्षर घसरले म्हणून मूल घसरले, असा निष्कर्ष येथे काढता येत नाही. उलटपक्षी, कठीण विषयात ८० गुणांसही ए-१ मिळू शकतो. पहिली श्रेणी मूल शिकले किती हे सांगते, ही श्रेणी रांगेत उभे कोठे हे सांगते.

नागपूर ते जबलपूर

ही मापे एकमेकांत मिसळली म्हणजे घरात काय घडते, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. संरक्षण उत्पादनाच्या क्षेत्रातील आमचे एक ग्राहक काही वर्षांपूर्वी नागपूरहून येथे बदलून आले. कन्या पाचवी उत्तीर्ण होऊन सहावीत आलेली. तेथील मराठी माध्यमाच्या शाळेत तिची श्रेणी अ-२ होती. येथे इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्रवेश मिळाला आणि सहामाहीत ५८ टक्के गुण पडले. मुलगी मागे पडली, अभ्यासात लक्ष राहिले नाही, असा निर्णय घरात झाला. गायनाचा वर्ग बंद करावा आणि त्या पैशांत आणखी एक शिकवणी लावावी, असे ठरले. आवर्ती ठेव मुदतीपूर्वी मोडण्याचा अर्ज घेऊन ते शाखेत आले, तेव्हा बोलता बोलता ही हकीकत कळली.

आता हे ५८ आणि ते अ-२ शेजारी शेजारी ठेवून पाहू. महाराष्ट्राच्या २०१० च्या निर्णयानुसार पाचवी-सहावीच्या मूल्यमापनात निम्मे वजन आकारिक मूल्यमापनास आहे. त्यात शिक्षकांचे दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय असे सर्व काही येते. उर्वरित निम्मे संकलित, म्हणजे सत्राच्या अखेरच्या परीक्षेचे. (पहिली-दुसरीत आकारिक सत्तर टक्के असते, मूल जसजसे वर चढते तसतसे हे प्रमाण उतरत जाते आणि सातवी-आठवीत चाळीसवर येते.) येथील शाळेत मात्र ऐंशी गुण लेखी परीक्षेचे आणि वीस अंतर्गत होते. म्हणजे ज्या मुलीचे निम्मे कौतुक तिच्या बोलण्याचे, प्रयोगांचे आणि हातच्या कामाचे होते, तिचे चार-पंचमांश मोजमाप आता कागदावर, तेही नव्या भाषेत, होऊ लागले. माध्यम बदलले, माप बदलले. या दोहोंचा हिशेब वजा केल्यावर मुलीच्या बुद्धीच्या नावे किती घसरण उरते, हे ५८ हा आकडा सांगू शकत नव्हता.

ते सांगणारी ओळ त्याच प्रगतिपुस्तकात होती. वर्गशिक्षिकेने शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत, काहीशा दुर्बोध हस्ताक्षरात लिहिले होते, की मुलगी तोंडी उत्तरे अचूक देते, परंतु लेखी प्रश्न वाचून समजण्यास तिला वेळ लागतो आणि शेवटचे प्रश्न सुटतात. तिच्याकडून रोज मोठ्याने वाचन करून घ्यावे. वडिलांनी आकडा वाचला होता. आईने पुस्तक हातात घेतले होते. पण मराठी आणि हिंदी उत्तम वाचणाऱ्या त्या माउलीस ते हस्ताक्षर लागले नाही आणि तिने कोणास विचारलेही नाही. दुसरी शिकवणी हे त्या दुखण्याचे औषधच नव्हते. ठेव मोडली गेली नाही, एवढे येथे नमूद करण्यास हरकत नाही.

या प्रसंगात दोष कोणा एकाचा नाही. तथापि एक गोष्ट खटकते. बँकेच्या छापील नमुन्यांवर हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषा अशा तीन भाषा असतात, त्या ग्राहकास आपल्या व्यवहाराचा बोध व्हावा म्हणून. मुलाच्या प्रगतीची वार्ता ज्या घरास द्यावयाची, त्या घरास वाचता येईल अशा भाषेत ती दिली जावी, ही अपेक्षा तशी अवाजवी म्हणता येणार नाही. प्रत्येक शाळेस मराठी लिहिणारा शिक्षक मिळणे जबलपुरात शक्य नाही, हे मान्य. परंतु हिंदीत लिहिलेल्या दोन सुवाच्य ओळी येथील प्रत्येक मराठी घरात वाचल्या जातील.

शेऱ्याचा रकाना

शेऱ्यांचेही अर्थात दोन प्रकार आहेत. ‘प्रगती समाधानकारक’, ‘अधिक परिश्रमाची आवश्यकता’ हे शेरे कोणत्याही मुलाच्या पुस्तकात कोणत्याही वर्षी चालून जातात. एका वर्गात पन्नास-साठ मुले असताना शिक्षकांनी ते लिहावेत, यात नवल नाही. महाराष्ट्रात वर्णनात्मक नोंदींची पद्धत आल्यावर तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि त्यांतून नोंदी उतरवून घेण्याची सोय झाली, ही गोष्ट शिक्षकवर्ग स्वतःच हसत हसत सांगतो. उपयोगी नोंदीची ओळख सोपी आहे. ती वाचल्यावर उद्या घरी काय करावे, हे कळते. ‘गणितात कच्चा’ या शेऱ्याने ते कळत नाही. ‘हातच्याची वजाबाकी चुकते’ या शेऱ्याने कळते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ‘समग्र प्रगती पत्रक’ सुचवले आहे, त्याचा रोख याच दिशेने आहे. ‘परख’ या केंद्राने, जे २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत स्थापन झाले, त्याचे नमुने तयार केले. पायाभूत स्तराच्या पत्रकात गुण अथवा ए-बी नसून निर्झर, पर्वत आणि आकाश अशा तीन पायऱ्या आहेत. (नर्मदातीरी राहणाऱ्यांस निर्झर सर्वांत खाली का, असा प्रश्न पडेल, ते असो.) शिक्षकांबरोबर मुलाने स्वतःविषयी, वर्गमित्रांनी त्याच्याविषयी आणि पालकांनीही आपले निरीक्षण नोंदवावे, अशी योजना आहे. पालकाचा रकाना आता केवळ स्वाक्षरीपुरता राहिलेला नाही. तो भरताना ‘ठीक आहे’ असे लिहून मोकळे होणारे पालक मग शिक्षकांच्या ‘समाधानकारक’ला नावे ठेवू शकणार नाहीत, हे उघड आहे.

नियमांतील एका बदलाची नोंद मात्र प्रत्येक पालकाने घ्यावयास हवी. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला, तेव्हा आठवीपर्यंत कोणासही मागच्या वर्गात ठेवावयाचे नाही, अशी तरतूद होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन अनुत्तीर्णांस त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली. मध्य प्रदेशात या दोन इयत्तांच्या परीक्षा मंडळाच्या धर्तीवर घेतल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राने डिसेंबर २०२३ मध्ये वार्षिक परीक्षेचा निर्णय घेतला. केंद्रीय विद्यालयांसारख्या केंद्राच्या शाळांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये नियम अधिसूचित झाले. त्या नियमांनुसार अनुत्तीर्ण मुलास जादा शिकवून निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यावयाची आहे. त्यातही यश न आल्यास ते त्याच वर्गात राहील. मात्र वर्गशिक्षकाने त्यास, आणि गरज भासल्यास पालकांसही मार्गदर्शन करावयाचे आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकता येत नाही. तात्पर्य, पाचवी-आठवीचे सहामाहीचे प्रगतिपुस्तक आता पूर्वीसारखे बाजूस ठेवून चालणार नाही.

पालक सभेस जाताना एकूण गुणांऐवजी दोन-तीन नेमके प्रश्न बरोबर न्यावेत. या विषयात लेखी आणि अंतर्गत गुण वेगवेगळे किती ? वर्गाची सरासरी किती ? मागील परीक्षेत चुकलेला कोणता भाग या वेळी बरोबर आला ? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण त्यात तुलना शेजाऱ्याशी नसून मुलाच्या कालच्या स्थितीशी आहे. उत्तरपत्रिका दाखवावी, अशी विनंती करण्यासही संकोच नको. मंडळाच्या परीक्षेतील तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क माहिती अधिकार कायद्यान्वये सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये मान्य केला आहे. मग घरच्या शाळेतील चाचणीचा पेपर पाहण्यात वावगे ते काय?

बदलीवर असलेल्या ग्राहकांसाठी आणि आपल्या सहकाऱ्यांसाठीही शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. महाराष्ट्रातील शाळांचा वार्षिक निकाल परंपरेने १ मेच्या सुमारास लागतो, तर येथील सत्र १ एप्रिलला सुरू होते. त्यामुळे अनेकदा मूल येथे नव्या वर्गात बसलेले असते आणि त्याचा जुना निकाल मागाहून येतो. ‘शाळा सोडल्याचा दाखला’ आणि येथील ‘स्थानांतरण प्रमाणपत्र’ एकच, हे शाळांस ठाऊक असते. परंतु त्या दाखल्यात मुलाच्या अभ्यासाविषयी फारसे काही लिहिलेले नसते. म्हणून तेथून निघताना मागील दोन वर्षांची प्रगतिपुस्तके, वर्णनात्मक नोंदींसह, झेरॉक्स करून घ्यावीत आणि नव्या वर्गशिक्षकांना पहिल्याच आठवड्यात प्रत्यक्ष भेटून दाखवावीत. नोंदी मराठीत असल्यास त्यांचा हिंदीतील सारांश एका कागदावर लिहून सोबत जोडावा. अर्ध्या तासाचे काम आहे.